मर्लचा दवाखाना, चहाच्या सुट्टीत

मर्ल डॅनहर समुपदेशक होती, पण गावातल्या आरोग्य केंद्रातल्या तिच्या खोलीकडे मेंढ्या भादरणारा एकही माणूस कधी फिरकला नाही. मनाचं दुखणं घेऊन खुर्चीत समोरासमोर बसायचं, हे त्या माणसांना जमण्यातलं नव्हतं. मग तीच जायची. सकाळच्या चहाच्या सुट्टीला लोकरीच्या शेडशी गाडी लावायची, स्कोन नावाच्या गोड पावांचा डबा उघडायची आणि मेंढ्यांच्या वाडग्याच्या कठड्याला टेकून उभी राहायची. ऑस्ट्रेलियातल्या या रिव्हरिना भागात माणसं मेंढ्यांकडे बघत बोलतात, एकमेकांकडे नाही. मर्लचा बाप भादरणारा, आई शेडची स्वयंपाकीण. तिला हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्या सोमवारी कठड्याशी क्लेम हॅनराटी होता. मागच्या हंगामात भादरायचं यंत्र चालता चालता अडकलं, त्याच्या हातातून सुटून गरगरलं आणि दंड फाडून गेलं. जखम भरली. पण यंत्राची घरघर सुरू झाली की हात लटपटायचा. चांगला भादरणारा गडी झाडू मारत होता. ठेकेदार रॉइस शुक्रवारपर्यंत थांबणार होता. मग क्लेमची जागा दुसऱ्याला. आणि क्लेमला दुसरं काम येत नव्हतं.

"मी भित्रा झालोय," तो मेंढ्यांना सांगितल्यासारखं म्हणाला.

"गाडीच्या किल्ल्या वाजल्या की तुझा कुत्रा काय करतो?"

"उडी मारून हौद्यात बसतो."

"कारण किल्ल्यांचा आवाज आणि भटकंती यांची त्याच्या अंगात गाठ बसलीय. तुझ्या हातात घरघर आणि जखम यांची बसलीय. पुस्तकात याला अभिसंधान म्हणतात. यात भित्रेपणा कुठे आला? बसलेली गाठ सैलही होते. पण मेहनत आहे."

मग टाळल्याने काय होतं ते तिने सांगितलं. यंत्रापासून दूर झालं की जीव हलका होतो, आणि तो हलकेपणा हेच भीतीचं खाणं. वाडग्यातली सर्वांत दांडगी, सुरकुत्यांची मेंढी जो तो भादरायला शेवटी ठेवतो. ठेवल्याने ती कधी लहान झाली आहे का, असं तिने विचारलं. क्लेम हसला नाही, पण ऐकत होता.

खरी अडचण सोबत्यांची होती. क्लेम यंत्राकडे वळला की शेजारी भादरणारा फर्गस पुढे व्हायचा, "राहू दे गड्या, मी बघतो." मर्लने फर्गसला बाजूला घेतलं आणि हे बंद करायला सांगितलं. तो भडकला.

"मदत करायची नाही? हे शिकून आलीस होय, डॉक्टरीणबाई?"

"त्याचं भलं करता करता तुम्ही त्याची जागा घालवाल, फर्गस."

त्या दिवशी फर्गसने तिच्या स्कोनला हात लावला नाही.

कामाला लागल्यावर मर्ल कडक होती. आधी बंद यंत्र हातात धरायचं. मग चालू, मेंढीशिवाय. मग मेंढीच्या शेपटीखालची तेवढी लोकर. भीती चढली की सोडायचं नाही, उतरेपर्यंत उभं राहायचं. चढलेली भीती दमतेच. बुधवारी क्लेम अर्ध्यावर यंत्र टाकून शेडबाहेर जाऊन ओकला. मर्लने पाणी दिलं, पाठ थोपटली नाही. तोंड पुसून झाल्यावर म्हणाली, "चल, चालू यंत्रापासून परत."

शुक्रवारी त्याने वाडग्यातून एक मेंढी ओढून आणली. फर्गस खिशात हात कोंबून उभा होता. त्यालाही ते सोपं गेलं नाही. मर्ल दाराशी होती. तिचा चहा गार झाला. पोट झालं, मान झाली, लांब पाठ झाली. हात सारखा थरथरत होता, पण यंत्र सुटलं नाही. भादरून झालेली मेंढी उताराच्या दारातून बाहेर गेली.

रॉइसने लोकर उचलून पाहिली. "भादरलीय की उंदरांनी कुरतडलीय?"

"हात हलतोय अजून," क्लेम म्हणाला.

"हलू दे. सोमवारी साडेसातच्या घंटेला तोच हात घेऊन कामाला ये."

मर्लला काहीतरी बोलायचं होतं, पण ऐकायला क्लेम तिथे नव्हता. तो पुढची मेंढी आणायला वाडग्यात गेला होता.