दोन आणि चार

अमेरिकेत, अल्फारेटात आमच्या शेजारी राहतात ते काका अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. तरुणपणी ते गावोगावच्या नाचाच्या हॉलमध्ये ऱ्हिदम अँड ब्लूज वाजवणाऱ्या बँडचे ड्रमर होते. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. चर्चच्या उन्हाळी जेवणाला एकदा वाजवून बघायचं, नाही जमलं तर सोमवारी मुलीला ड्रम घेऊन जायला सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

मला ते ऐकवेना. मी म्हटलं, तुमचा डावा हात मी होते. पुण्यात बारा वर्षं तबला शिकलेली बाई मी. चार मात्रांत दोन ठोके मारायचे, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, त्यात काय एवढं?

दर मंगळवारी चार वाजता त्यांच्या गॅरेजमध्ये आमचा सराव सुरू झाला. झांज उजव्या हाताने आणि मोठा ड्रम उजव्या पायाने ते वाजवत, मधला स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, माझ्याकडे. त्यांचं जास्तीचं स्टूल इतकं उंच की माझे पाय लोंबकळत. आणि माझा ठोका हटकून पहिल्या मात्रेवर पडे. आयुष्यभर समेवर येऊन मान डोलावण्यात धन्यता मानलेली मी, हात ऐकेनात. एकदा तर मी एकच बोल तीनदा वाजवून, तिहाई घेऊन दणक्यात समेवर आले आणि कौतुकाची वाट बघत बसले. काकांनी काठी खाली ठेवली.

मी चिडले. तुमचा ताल उलटा आहे म्हणाले आणि निघून आले. नवऱ्याने विचारलं, "अगं, तू त्यांना हेल्प करायला जातेस की सम शिकवायला?" त्याच्याशीही दोन दिवस बोलले नाही, कारण त्याचं बरोबर होतं.

पुढच्या मंगळवारी मान खाली घालून गेले. काका रागावलेले नव्हते. गाणारा पुढे उभा असायचा, नाव त्याचं व्हायचं, पण दोन आणि चारवर स्नेअर कडाडला की भिंतीला टेकलेली माणसंही नाचायला उतरायची, असं ते सांगत होते. मग म्हणाले, "एक कुठे आहे ते सगळ्यांनाच कळतं. तो त्यांच्यासाठी सोड."

जेवणाच्या दिवशी दुसऱ्याच गाण्यात मी पुन्हा एकवर घसरले. काकांनी मान वळवली नाही, त्यांची झांज तशीच चालू राहिली. समोर निळी टोपी घातलेल्या एक आजी दोन-चारवर टाळ्या देत होत्या. मी सम सोडली आणि त्यांच्या हातांवर डोळे ठेवून वाजवत राहिले. तिसऱ्या गाण्याला त्या आजी टाळ्या थांबवून नाचायला उठल्या. मी मात्र चुकले नाही.

काका काहीच बोलले नाहीत. घरी येताना गाडीतही नाही. मला वाटलं, संपलं. सोमवारी त्यांच्या दारात मुलीची गाडी दिसली आणि मी पडदा ओढून घेतला.

मंगळवारी चार वाजता घरात बसवेना, म्हणून निदान भेटून यावं असं म्हणून गेले. गॅरेजचं दार उघडं होतं. ड्रम जागच्या जागी होते, आणि स्नेअरपाशी मुलीने काल आणून ठेवलेलं एक नवं, बुटकं स्टूल होतं. मी बसले, तर दोन्ही पाय जमिनीला टेकले.