उपरण्याखालचा सौदा

हे केदारनाथा, हे डोंगरावरच्या जोतिबा! तुझ्या पायरीवर राव येवो वा रंक येवो, तुझा गुलाल दोघांच्याही कपाळी सारखाच लागतो. तू उधळतोस, पण उधळताना मोजत नाहीस. म्हणून नाव आधी तुझं घ्यावं, आणि मग तुझ्याच एका भोळ्या भक्ताचं. कळंब्याच्या तळ्याकडे उतरणाऱ्या गल्लीत राहणारे, वय वर्षे अडुसष्ट, ते पिराजी आण्णा.

आण्णांनी चाळीस वर्षं जनावरांच्या बाजारात दलाली केली. दलाल म्हटलं की लोकांच्या भुवया चढतात. पण दोन परक्या माणसांचा विश्वास एका दाव्याला बांधून देणं, हीही एक सेवाच आहे. आण्णा बैलाचे दात पाहून वय सांगत, चाल पाहून स्वभाव सांगत, आणि मालकाचा चेहरा पाहून बैल का विकायला काढला तेही सांगत. पण घरातल्या एका नऊ वर्षांच्या जिवाचं मन मात्र त्यांना वाचता येईना.

ती त्यांची नात शिवानी. तिची आई क्रांती परिचारिका. यंदा चंदगडहून बदली झाली आणि लेकीला घेऊन ती माहेरी राहायला आली. नव्या शाळेत शिवानी उभी राहून दोन वाक्यं बोलली, तिचा चंदगडी हेल ऐकून वर्ग खदखदून हसला, आणि पोरीनं तोंडाला कुलूप घातलं. घरात बोले तेही मोजकं. बाहेर तर मौनव्रतच.

एका रविवारी क्रांतीनं एक रंगीत डबा आणला. आण्णांनी झाकण उघडलं आणि ते दचकले.

"पत्ते? माझ्या घरात?"

"आण्णा, हे तीनपत्तीतले न्हाईत. ह्याला डोकं लागतंय."

"डोकं तीनपत्तीलाबी लागतंय की. म्हणून तर खेळून खेळून ते जातंय."

पण शिवानी आज्जासमोर मांडी घालून बसली आणि हळू आवाजात समजावू लागली. प्रत्येकाचा आपापला तीस पत्त्यांचा कॅट. तो आपणच जमवायचा आणि दुसऱ्याशी अदलाबदल करून घडवायचा. काही पत्ते वीरांचे, काही ढालींचे, काही पाण्याचे. वीर मैदानात उतरवायचा तर आधी पाण्याचे पत्ते मांडावे लागतात. पाणी नाही, तर कितीही बलवान वीर हातातच अडकून राहतो.

"म्हंजे वैरण न्हाई, तर बैल उठत न्हाई," आण्णा म्हणाले.

शिवानी हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. त्या हसण्यावर आण्णा विकले गेले.

मग गल्लीतल्या जोतिबाच्या देवळाचा कट्टा रोज संध्याकाळी भरू लागला. पोरांनी घरी हट्ट करून आपापली पाकिटं मिळवली. आण्णा मधोमध बसत आणि बाजारातली विद्या वाटत. "सगळ्यात चांगलं जनावर पहिल्यांदा दाखवायचं न्हाई!" "समोरच्याच्या हाताकडं न्हवं, डोळ्याकडं बघा!" आणि चमचमत्या पत्त्यावर कुणी भाळला, की, "लेकरा, दात बघ दात! शिंगं कुणीबी रंगवतंय." शिवानी त्यांच्या शेजारी बसे. हळूहळू "माझी पाळी" म्हणू लागली. मग "थांब की जरा" म्हणू लागली. आण्णांना वाटे, कुलपात किल्ली फिरते आहे.

आणि तिथंच आण्णांची चूक झाली.

बारा वर्षांच्या पृथ्वीराजनं सात वर्षांच्या राजवर्धनला एक सोनेरी गरुड दाखवला आणि त्याच्याकडचे चार पाण्याचे पत्ते काढून घेतले. आण्णांच्यातला जुना दलाल खूश झाला. सगळ्यांदेखत त्यांनी पृथ्वीराजच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास रं वाघा! बाजार गाजवणार तू!"

राजवर्धनच्या कॅटात आता गरुड होता, पण पाणी नव्हतं. चार दिवस तो प्रत्येक डाव हरला. पाचव्या दिवशी जेवला नाही. सहाव्या दिवशी त्याची आजी पारूबाई केरसुणी हातात घेऊनच कट्ट्यावर आली. देवळाची झाडलोट आणि दिवाबत्ती तिच्याकडे असे, त्यामुळं कट्टाही तिचाच म्हणायचा.

"काय ओ आण्णा, देवाच्या दारात पोरांस्नी फसवायची शाळा काढलीया व्हय? उद्यापासनं कट्टा बंद!"

त्या संध्याकाळी शिवानीनं आपला कॅट डब्यात भरला आणि झाकण लावून डबा फळीवर ठेवून दिला. पोरीचे पहिलेवहिले सोबती जाणार होते, आणि जाणार होते ते आज्जाच्या एका थापेपायी.

सकाळी ते पारूबाईच्या दारात हात जोडून उभे राहिले. "वैनी, चूक पोराची न्हाई, माझी हाय. मी पोरांस्नी निम्माच बाजार शिकवला. आजची एक संध्याकाळ द्या, उरलेला निम्मा शिकवतो. मग खुशाल बंद करा."

संध्याकाळी पोरं जमली. पारूबाई खांबाला टेकून बसली. केरसुणी मांडीवर होतीच. आण्णांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि कट्ट्यावर पसरलं.

"आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत न्हाईत. दोघांनी हात ह्याच्या खाली घालायचे. एक बोट धरलं तर एक, चार धरली तर चार. आणि केलेला सौदा पटत नसंल, तर पुन्यांदा हात घालून बदलता येतोय. खाली काय ठरलं, ते दोघांनीच जाणायचं. तिसऱ्यानं इचारायचं न्हाई."

"पण झाकून कशाला, आज्जा?"

प्रश्न शिवानीचा होता. खणखणीत, सगळ्यांसमोर, चंदगडी हेलासकट. कुणीच हसलं नाही. सगळ्यांना उत्तरच हवं होतं.

आण्णा तिच्याकडे वळले. "बाळा, चारचौघांत माणूस माघार घेत न्हाई. झाकलेल्या हातानं घेतोय."

पृथ्वीराज खाली मान घालून ऐकत होता. तो उठला आणि राजवर्धनसमोर बसला. दोघांचे हात उपरण्याखाली गेले. खाली मांजर शिरल्यासारखं कापड इकडून तिकडं हललं, थांबलं, पुन्हा हललं. पत्तेही खालच्या खालीच सरकले. हात बाहेर आले तेव्हा पृथ्वीराजचे कान लाल झाले होते आणि राजवर्धनची मूठ घट्ट मिटलेली होती.

"काय ठरलं रं?" पारूबाईनं विचारलं.

"सांगायचं नसतंय, आज्जी. सौदा हाय," राजवर्धन म्हणाला.

डाव सुरू झाला. राजवर्धननं पाण्याचा पत्ता मांडला. पुढच्या पाळीला दुसरा, मग तिसरा, मग चौथा. आण्णांनी मनात म्हटलं, बरं झालं, सौदा मोडला, ज्याचं त्याला मिळालं. तेवढ्यात राजवर्धननं पाचवा पत्ता उचलला आणि थाडकन मैदानात टाकला. सोनेरी गरुड!

आण्णा बघतच राहिले. पृथ्वीराजनं पाणी परत दिलं होतं, आणि गरुडही परत मागितला नव्हता. चाळीस वर्षांत असा सौदा त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी विचारलं काही नाही; दलालाचा धर्म पाळला. मात्र ह्या वेळी पृथ्वीराजच्या पाठीवर थाप न मारता त्यांनी नुसताच हात ठेवला.

पारूबाई उठली. "आण्णा, हे कळकट धडपं देवाच्या दारात पुन्हा पसरलंसा तर बघा!"

"म्हंजे बंद का वैनी?"

"आवो, उद्या मी धुतलेलं आणती की!"

"आज्जी," शिवानी ओरडली, "मोठं आणा! मला दोन सौदे करायचे हाईत!"

देवा जोतिबा, ज्या हातांनी आयुष्यभर दुसऱ्यांची दावी बांधली, त्या पिराजी आण्णांच्या हातांना बळ राहू दे. दुसऱ्यांची दुखणी पुसणाऱ्या क्रांतीच्या पायांना विसावा मिळू दे. शिवानीच्या जिभेवरचा तो चंदगडी हेल जन्मभर गोड वाजू दे. त्या घरच्या रांजणात पाणी आणि चुलीवर भाकरी कधी कमी पडू नये, आणि तुझ्या कट्ट्यावर पोरांचा कालवा रोज असाच उसळावा. चांगभलं!