टॉकीजसमोर

आंटींनी मला माइकसमोर बसवलं. बाकीचं नंतर सांगते, कारण त्या नसत्या तर सांगण्यासारखं काही घडलंच नसतं.

मुंबईत, गिरगावच्या फणसवाडीतल्या आमच्या छोट्या रेकॉर्डिंग स्टुडिओत आंटी जाहिराती वाचायला यायच्या त्या फुलाफुलांचा फ्रॉक घालून, हातात काचेच्या बांगड्या भरून. रेकॉर्डिंगआधी त्या एकेक बांगडी उतरवून चहाच्या बशीत ठेवायच्या, म्हणजे किणकिण नको. मग डोळे मिटून म्हणायच्या, "चला, गावाला जाऊन येऊ."

हे गाव म्हणजे माझं गाव. विदर्भातलं, तालुक्याचं. तिथे खासगी रेडिओ स्टेशन निघालं तेव्हा त्यांच्याकडे जाहिराती करायला धड जागाही नव्हती. जाहिराती इकडे गिरगावात व्हायच्या. पहिल्या दिवसापासून आवाज आंटींचाच. भांडीवाला, साडीवाला, खतवाला, सगळे त्यांच्या तोंडून बोलायचे. स्वतः आंटी मात्र कल्याणच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या.

मी नववीत शाळा सोडली. पुढे इकडे मुंबईला मावशीकडे आले आणि स्टुडिओत फोन घ्यायला लागले. पहिल्याच दिवशी काचेपलीकडून ऐकू आलं, "टॉकीजसमोर, भांड्यांचं भव्य दुकान." लहानपणी घरी रोज कानावर पडणारा आवाज. माझ्या हातातला रिसीव्हर तसाच राहिला, पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत बसला.

ओळख वाढल्यावर एकदा मी भीत भीत सांगितलं, "आंटी, ती टॉकीज पाडली जी. तिथं आता मोबाइलची दुकानं आहेत."

आंटींनी हातातला कागद खाली ठेवला. "म्हणजे एवढी वर्षं मी लोकांना खोट्या पत्त्यावर पाठवते?"

"नाही ना. रिक्षावाले अजून टॉकीजच म्हणतात. रेडिओवर रोज तेच लागते. नवीन पोरांनी टॉकीज पाहिलीबी नाही, पण उतरतात तिथंच."

त्या एवढ्या हसल्या की मालक आत बघायला आले. "ऐकलं का, मालक? तिकडे पाडली, मी उभी ठेवली." त्या दिवशी ठाकूरद्वारच्या नाक्यावरून सगळ्यांसाठी भजी आली.

अशा आनंदात दिवस चालले होते, आणि स्टेशनच्या नव्या मॅनेजरचा फोन आला. स्टेशनच्या वाढदिवसाला स्टेशनची कहाणी ऐकवायची होती. मजकूर स्टेशनच लिहून पाठवणार, रेकॉर्डिंग आमच्याकडे. ते आवडलं तर ठीक, नाहीतर पुढचं सगळं काम नागपूरला. तुम्हीच सांगा, त्या गावाचं काम गेल्यावर त्या गावाचे फोन घेणारीला कोण ठेवणार? मला जेवण जाईना. शाळा अर्धवट, आता मुंबईही अर्धवट, मग घरी कोणतं तोंड घेऊन जायचं?

आंटी तो मजकूर वाचायला बसल्या. शुभारंभ, मान्यवर, वाटचाल. मध्येच थांबल्या.

"यात गाव कुठाय गं, बाय?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

"तुला नाही तर कोणाला? तू होतीस ना तिथे. पहिल्या दिवशी काय झालं?"

मग मी सांगायला लागले. स्टेशन म्हणजे कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. दुकानादुकानांतल्या गल्ल्यावर ठेवलेले रेडिओ. गाण्यांच्या सीडींचं पार्सल वेळेत आलं नाही, म्हणून दिवसभर वाजलेली तीच तीन गाणी, आणि संध्याकाळपर्यंत ती पाठ झालेला अख्खा बाजार. एका म्हातारबांची शेळी हरवली होती, ते थेट जिना चढून वर आले. निवेदकाने गाणं थांबवून शेळीचं वर्णन सांगितलं आणि तासाभरात शेळी सापडली. दुसऱ्या दिवशी म्हातारबा शेळीसकट आभार मानायला वर. त्यानंतर दुकानदारांचा विश्वास बसला. शेळी सापडते तर गिऱ्हाईक का नाही सापडणार?

बोलता बोलता लक्षात आलं, आंटी माझ्या हातातल्या बांगड्या काढून बशीत ठेवत होत्या.

"नको जी. माझं बोलणं गावाकडचं. इथं सगळे हसतात."

"हसू देत. मी तिथली नाही हे त्या गावाला कधी कळलं नाही. तू तिथली आहेस हे कळू दे." आणि मालकांकडे वळून, "हिने बिघडवलं तर माझं नाव सांगा."

त्या माझ्यासमोर बसून राहिल्या. मी माइकला नाही, त्यांनाच सांगितलं. शेळी जिना चढली तेव्हा त्यांनी तोंडात रुमाल कोंबला.

कार्यक्रम लागला त्या सकाळी मॅनेजरच्याही आधी आईचा फोन आला. ती गिरणीत दळणाच्या रांगेत होती. "तूच होती ना माय? चक्कीवाल्यानं चक्की बंद केली ऐकाले." पाठोपाठ मॅनेजर म्हणाला, भांडीवाला विचारतोय, पुढची जाहिरात ती शेळीवाली मुलगी करेल का?

काम आमच्याकडेच राहिलं. मीही राहिले.

आंटी आता वसईला मुलाकडे असतात. दम लागतो, म्हणून वाचणं सोडलंय. त्यांची खुर्ची मी वापरते, बशी तीच आहे. माझ्या बांगड्या तीत पडल्या की मीही डोळे मिटते. पण मी तरी त्या गावची आहे. त्यांनी ते गाव अजून पाहिलेलं नाही.

परवा फोनवर म्हणाल्या, "टॉकीज कशी आहे गं?"

म्हटलं, उभी आहे.

आंटी, दम जरा बरा होऊ द्या. मी तुम्हाला गावाला नेणार आहे. स्टँडवरून रिक्षा करू, आणि कुठे जायचं ते रिक्षावाल्याला तुम्हीच सांगायचं, तुमच्या आवाजात.