स्लॅबवरचं मशीन

शेवगावच्या एसटी स्टँडवर माझी बॅग गाडीच्या टपावर चढवली ती बबननं. बबन हा बाबांचा जुना विद्यार्थी. गावात त्याची पिठाची गिरणी होती आणि त्याच वर्षी तो ग्रामपंचायतीत निवडून आला होता. "मास्तर, कृपाताई इमानात बसनार. गावाचं नाव काढनार बगा," असं म्हणत त्यानं दोरी आवळली. आई तोंडाला पदर लावून उभी होती. बाबा खिडकीशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "काम चोख कर, कृपा. आपल्या लोकांना चुकायची सवलत नसते."

आपले लोक म्हणजे ओढ्यापलीकडची आमची ख्रिस्ती घरं. बाबांची सगळी नोकरी गावच्या मराठी शाळेत झाली. अर्ध्या गावाला त्यांनी बाराखडी शिकवली होती. तरी कुणाकडे गेले की त्यांचा चहा ओसरीवर यायचा, आणि कप वेगळा असायचा. बाबा तो चहा पिऊन कप स्वतः विसळून ठेवायचे. याबद्दल घरी कधी बोलणं झालं नाही.

हे नव्वदीच्या सुरुवातीचं. मी जर्मनीतल्या एका लॅबमध्ये पीएचडीला गेले. पहिला हिवाळा हीटरला चिकटून काढला. दुपारी चारला अंधार, किचनमध्ये रूममेटचा उकडलेला बटाटा, आणि बाजरीच्या भाकरीची इतकी आठवण की सुपरमार्केटमधून पक्ष्यांच्या खाद्याची पिशवी आणून त्यातले बाजरीसारखे दाणे मी निवडत बसले होते. माझ्यासारखे जे निघून गेले त्यांना हे सांगायला नको.

माझा विषय होता हवेत तरंगणारे बारीक कण. धूर, धूळ, समुद्राचं मीठ. आम्ही त्यांना एरोसोल म्हणतो. ढगातला प्रत्येक थेंब अशा एखाद्या कणावर धरतो. कण फार झाले तर तेवढंच पाणी जास्त थेंबांत वाटलं जातं, थेंब बारीक राहतात आणि खाली पडण्याइतके जड होत नाहीत. भारतातल्या धुराचं असंच काही होतं का, हे पाहायला आमच्या प्रोफेसरांना समुद्रापासून लांब, कोरडवाहू भागातली एक जागा हवी होती. मी माझ्या गावाचं नाव सुचवलं.

मशीनला सपाट छप्पर हवं होतं आणि शाळेला पत्रे होते. स्लॅबची घरं मोजकी, त्यांतलं एक बाबांनी निवृत्त झाल्यावर बांधलेलं. मे महिन्यात मी तिथं मशीन बसवलं. पांढरी पेटी, वर उभी नळी, नळीवर पालथ्या वाटीसारखी टोपी. आतला पंप दिवसभर गुरगुरायचा, हवा ओढायचा आणि गोल कागदावर कण साठवायचा. रोज सकाळी चिमट्यानं तो कागद बदलायचा. हे काम बाबांनी मागून घेतलं. कुणी शेतात कापसाच्या पऱ्हाट्या जाळल्या की कागद काळा निघायचा, आणि ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. "बघा, हे आपण छातीत घेतो." निवृत्त झाल्यापासून ते इतके खूश मी पाहिले नव्हते.

सरपंचांनी आग्रह केला म्हणून परत जायच्या आधी मी पारावर थोडं बोलले. ढग, थेंब, धूर. एक भाकरी दहा जणांत वाटली तर कुणाचंच पोट भरत नाही, तसं ढगाचं होतं, असं सांगितलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मंजी कन वाढले तर पाऊस कमी पडतो?" मी म्हणाले, "पडू शकतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या वर्षी मृग कोरडा गेला. आर्द्रा कोरडी गेली. लोकांनी धूळपेरणी केली होती, ती वाया गेली. जुलैत थोडं शिंपडून गेलं, त्यावर दुबार पेरणी झाली, तीही करपली. शेजारच्या तालुक्यात पाऊस होता. आमच्या शिवारावर ढग यायचे, उभे राहायचे आणि निघून जायचे. मग कुणीतरी वर पाहायचं सोडून आमच्या स्लॅबकडे पाहिलं.

ऑगस्टमध्ये मी कागद न्यायला आले तेव्हा आई शेवगावहून पीठ घेऊन एसटीतून उतरत होती. मी विचारलं, गिरणी बंद आहे का? आई म्हणाली, "चालू हाय. आपल्याला बंद हाय." हापशावरही आमच्या घागरी मागे सारायचे. दुकानदार माल संपला म्हणायचा. बाबांनी यातलं काही मला कळवलं नव्हतं. ते रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून वर जात होते आणि कागद बदलत होते.

त्याच दुपारी बबन आणखी काही जणांना घेऊन अंगणात आला. बसला नाही.

"मास्तर, लई झालं. मशीन बंद करा."

"बबन, तू सातवीपर्यंत माझ्याकडं शिकलास," बाबा म्हणाले. "ते हवा आत घेतंय. बाहेर काही सोडत नाही. एवढीशी पेटी आभाळाला काय करणार?"

"तुमच्या लेकीनंच पारावर सांगितलं, कन वाढले की पाऊस पडत न्हाई. आमी खोटं बोलतो का?"

मी पुढं झाले. येताना पुण्यात हवामानखात्यातल्या मित्राशी बोलून आले होते. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता आणि तो आमच्याच दिशेनं सरकत होता. मला वाटलं, ही बातमी ऐकून सगळे शांत होतील. मी म्हणाले, "बबनदादा, दोन दिवस कळ काढा. परवापर्यंत पाऊस येतोय."

मग बबन सावकाश म्हणाला, "तुला कसं म्हाईत?"

मी उपसागर सांगितला, पट्टा सांगितला. तो ऐकतच नव्हता. मागं वळून तो लोकांना म्हणाला, "ऐकलं का? परवा सोडनार हाय म्हनती. मंजी आजवर हिनंच धरून ठिवला हुता."

ते गेल्यावर मी बाबांना म्हणाले, बंद करून टाकू या. इतक्या दिवसांचे कागद पुरेत. आईही रडून तेच म्हणाली. बाबा मात्र बाजेवर बसून राहिले. म्हणाले, "आज बंद केलं आन् परवा पाऊस आला, तर? पोरी, मग या गावात आपण कायमचे पाऊस बांधणारे. चालू असताना पाऊस पडू दे. दोनच दिवस."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. म्हणून मी मशीन चालू ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीला नारळ फोडून लोक ओढा उतरून आले. घोषणा नव्हत्या, आरडाओरडा नव्हता. कामाला निघाल्यासारखे आले. काहींच्या हातात पहारी होत्या. बाबा वर कागद बदलत होते. मी जिन्यात आडवी उभी राहिले, मला बायांनी धरून बाजूला केलं. त्यांतल्या एकीला मी लहानपणी ताई म्हणायचे. बाबांनी पेटीला मिठी मारली होती. बबन म्हणाला, "मास्तर, सोडा. तुमाला हात लावायचा न्हाई आमाला." बाबांनी सोडलं नाही. मग त्यांना ओढलं, आणि ओढताओढता ते कठडा नसलेल्या बाजूनं खाली अंगणात पडले.

वर पहारीचे घाव चालूच राहिले. पंप फुटून थांबला तेव्हा त्यांनी खाली पाहिलं.

बाबांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. गावातल्या एकाही टेम्पोवाल्यानं टेम्पो काढला नाही. ओढ्यापलीकडच्या आमच्याच माणसांनी त्यांना बाजेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत नेलं आणि माणसं भरून जाणारी वडापची जीप थांबवली. आकाश पूर्वेकडून काळं होत आलं होतं. पट्टा माझ्या अंदाजापेक्षा एक दिवस आधी पोचला होता. शेवगाव यायच्या आत जीपच्या काचेवर टपोरे थेंब पडले, मग वायपरला आवरेना असा पाऊस लागला. बाबा शुद्धीवर होते. दुखण्यानं ओरडत होते ते एकदम गप्प झाले. त्यांनी काचेकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

गावात त्या संध्याकाळी गुलाल उधळला गेला. मी पोलिसांत गेले तेव्हा तिथला हवालदार माझं सगळं ऐकून म्हणाला, "म्याडम, पाऊस झाला ना आता? मग मिटवा की."

बाबा पुन्हा गावी गेले नाहीत. नगरला भिंगारमध्ये दोन खोल्या घेतल्या, आईबाबा तिथं राहिले. घर पडून राहिलं. माझा पेपर छापून आला. त्यातल्या आलेखात आमच्या गावची रेघ ऑगस्टमध्ये तुटते. परीक्षकानं विचारलं, माहिती मध्येच का थांबली? मी लिहिलं, यंत्रात बिघाड.

दोनेक वर्षांनी बाबा काठी टेकत माझ्याकडे जर्मनीला आले. मी त्यांना आमच्या लॅबच्या गच्चीवर नेलं. तिथं तसल्याच पांढऱ्या पेट्या ओळीनं मांडलेल्या, सगळ्या गुरगुरत होत्या, आणि वरून संथ पाऊस पडत होता. बाबा छत्री बाजूला करून भिजत उभे राहिले. मग म्हणाले, "फोटो काढ. मशिनं दिसली पाहिजेत आन् पाऊसबी दिसला पाहिजे." मी काढला. चांगला आला होता. टोप्यांवरून ओघळणारं पाणीसुद्धा दिसत होतं.

परत गेल्यावर, आईला न सांगता, बाबा तो फोटो घेऊन एसटीनं गावी गेले. पुढचं त्यांनी मला फोनवर सांगितलं. गिरणीत बबननं त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. काचेच्या ग्लासात, सगळ्यांसारखा. फोटो उजेडात धरून नीट पाहिला, बाकीच्यांना दाखवला. मग म्हणाला, "मास्तर, तेच तर आमी म्हनतो. एवढी मशिनं तिकडं वढत्यात म्हनून आपल्याकडं पाऊस न्हाई." सगळे हसले. बाबा म्हणाले, मीही हसलो. मग त्यांनी विचारलं, "कृपा, मला एकदा खरं सांग. थोडासुद्धा परिणाम होत नव्हता ना?"

मी म्हणाले, नाही बाबा.

"बरं," ते म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नव्हता. त्यांनी शिकवलेल्या गावानं तेवढं त्यांना शिकवलं होतं.

त्याच थंडीत ते गेले. आजोबांची कबर गावी आहे, शेजारी जागाही होती. आईनं तो विषय काढला नाही. नगरलाच माती दिली.

मी इकडेच राहिले. कामासाठी रोज उपग्रहाची चित्रं पाहावी लागतात. पावसाळ्यात शेवगावच्या बाजूला पांढरा पुंजका सरकताना दिसला की मी थांबते. तुम्ही जे तिकडे राहिलात, तुम्हाला वाटेल पोरीला गावाची काळजी आहे. खरं ते सांगते. हा ढग पुढं जावा, दुसऱ्या कुणावर पडावा, असं माझ्या मनात येतं. ओढ्यापलीकडची आमची माणसंही त्याच पावसावर जगतात, हे मला माहीत आहे. तरी येतं.

बाकी जगात कुठं पाऊस पडला, कुठं नाही पडला, मला आकडे असतात. जिचं वाईट चिंतावंसं वाटतं अशी जागा एकच आहे. घर म्हणून माझ्याकडे आता तेवढीच उरली आहे.