नव्या गाडीबद्दल वर्लिनचं मत

आमच्या खोऱ्यात कुणी नवी क्रूझर मोटरसायकल घेतली की ती आधी वर्लिन टॉलेफ्सरूडला दाखवायची, असा रिवाजच पडून गेला होता. बँकेने कर्ज दिलं, बायकोने हो म्हटलं, तरी वर्लिनने एकदा गाडीभोवती फिरून 'हं' केल्याशिवाय माणसाला चैन पडत नसे. वास्तविक वर्लिन काही मेकॅनिक नव्हे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या ह्या डोंगराळ कोपऱ्यात गोठ्यागोठ्यांतून दूध गोळा करणारा टँकर चालवण्यात त्याचा जन्म गेला. पण दूध कारखान्यात पोचवलं की उरलेला दिवस तो आपल्या काळ्या क्रूझरवर असायचा, आणि गेली वीसेक वर्षं रविवारच्या फेरीत आमच्या टोळीच्या पुढे त्याचीच गाडी असे. जो पुढे असतो त्याच्या शब्दाला वजन येतं. शब्दात तेवढा दम असतो की नाही, हे मागचे कशाला बघतात?

ह्या वर्षी कंपनीने नेमकं वर्लिनच्या क्रूझरचं मॉडेलच पार बदलून टाकलं. नाव तेवढं जुनं ठेवलं. झालं, शुक्रवारच्या तळलेल्या माशांच्या पंगतीत दुसरा विषय राहिला नाही.

"टाकी बघितलीस का? साबणाची वडी आहे नुसती," एक म्हणाला.

"आणि दिवा? कुणीतरी थोबाडीत हाणल्यासारखा चपटा."

"सीट मात्र खाली आणलीय," तिसरा हळूच म्हणाला. "आमच्यासारख्यांच्या गुडघ्यांना बरं." त्याच्याकडे सगळ्यांनी अशा नजरेने पाहिलं की बिचाऱ्याने पुढचा घास बटाट्याचा घेतला आणि गप्प बसला.

पण खरा राग होता तो इंजिनावर. जुन्या गाडीचं इंजिन उभ्या जागी अख्खी गाडी हलवायचं. सिग्नलला थांबलं की आरशात एका मोटारीच्या दोन दिसत, नाकावरचा चष्मा घसरत खाली येई, आणि बसणाऱ्याचे दात हलके हलके वाजत. नव्या इंजिनात कंपनीने तोलाची वजनं घालून ती थरथर काढून टाकली होती. बच नावाचा आमचा एक सुतार आहे, तोंडाचा पट्टा सदा चालू. तो म्हणाला, "शिलाई मशीन आहे ते. माझ्या सासूला नेऊन देतो, पडदे शिवेल." आणि वर्लिनने आपलं मत दिलं, "सिग्नलला जी गाडी थरथरत नाही ती जिवंत आहे की मेली, कळायचं कसं?"

हे वाक्य आठवडाभरात अख्ख्या काउंटीत फिरलं. लोक ते वर्लिनलाच आपलं म्हणून ऐकवू लागले. वर्लिन तोवर त्या गाडीवर बसलाही नव्हता. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, एवढाच काय तो प्रकार होता. पण गाडीबद्दल मत असायला ती चालवलीच पाहिजे असं आमच्याकडे कुणी मानत नाही.

आता वर्लिनच्या हाताचं सांगायला हवं. मागच्या हिवाळ्यापासून त्याचा डावा हात थरथरत होता. काम करताना नाही. बुटाची नाडी बांधताना, मांस कापताना, क्लच दाबताना हात अगदी सरळ असायचा. पण रिकामा मांडीवर ठेवला की अंगठा आणि बोट तंबाखू मळल्यासारखी आपोआप चालू व्हायची. त्याची बायको आर्लिस हिने ते पहिल्यांदा चर्चमध्ये पाहिलं, प्रवचन चालू असताना.

"डॉक्टरला दाखव," ती घरी येताना म्हणाली.

"त्यात काय दाखवायचं? चाळीस वर्षं ते इंजिन हातात धरलंय. हाडांत मुरलंय ते."

"घरात सोफ्यावर बसतोस तेव्हा इंजिन बंद असतं, वर्लिन."

"मुरलंय म्हणतो ना."

आर्लिसने शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं घालवली होती. तीनशे पोरांची नाटकं बघितलेल्या बाईला एका नवऱ्याचं नाटक काय कळत नाही? "कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही," एवढंच ती म्हणाली. वर्लिनने मात्र 'हाडांत मुरलेलं इंजिन' हा विनोद चारचौघांत इतक्या वेळा केला की अखेर त्याला तो स्वतःलाच खरा वाटू लागला. चारचौघांत डावा हात खिशात ठेवायची सवयही त्याला तेव्हाच लागली.

मग जुलैत तो अपघात झाला. टोळी रिजवरून, म्हणजे डोंगराच्या धारेवरून, खाली नदीकडे उतरत होती. उतार सरळ आणि स्वच्छ होता, पुढे वर्लिन, त्याच्यामागे जोलीन, तिच्यामागे बच, मग बाकीचे. जोलीन म्हणजे आमच्या भागात घरोघर टपाल टाकणारी बाई. पन्नाशीची आहे, मोजकं बोलते, आणि वर्लिनने स्वतः तयार केलेली. त्यानेच तिला शिकवलं होतं, पुढच्याचा हात हा कायदा. हात खाली, तळवा जमिनीकडे आणि हलता, म्हणजे वेग कमी कर. विचारत बसू नकोस. त्या उतारावर जोलीनने एकाएकी ब्रेक लावला. बच तिच्यावर आदळू नये म्हणून बाजूच्या खडीत गेला आणि पडला. त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं.

रुग्णवाहिका गेल्यावर वर्लिन सगळ्यांदेखत जोलीनवर बरसला. "ब्रेक लावायला कारण लागतं! काय दिसलं तुला? हरिण?"

"तू खूण केलीस," जोलीन म्हणाली.

"मी? कसली खूण?"

"हात खाली केला होतास. हळू चल म्हणून."

"मी हात मांडीवर ठेवला होता. सरळ रस्त्यावर कायम ठेवतो तसा. डोळे तपासून घे."

सगळ्यांनी वर्लिनचं ऐकलं. ऐकणारच. जोलीन त्यानंतर टोळीच्या अगदी शेवटी, सगळ्यांच्या मागे अंतर राखून गाडी चालवू लागली, आणि नाश्त्याला थांबलं की तिच्या टेबलावर दुसरं माणूस बसेना. आमची माणसं वाईट नाहीत, पण एकदा कुणाला दोषी ठरवलं की त्यांना फार सोपं वाटतं.

ऑगस्टच्या एका शनिवारी काउंटीच्या मुख्य गावातल्या दुकानाने नव्या क्रूझर चालवून बघायला बोलावलं. दुकान आता टॅरिन बघते. बापाच्या मागे तिनेच उभं ठेवलंय. अंगणात शेगडीवर ब्राटवुर्स्टची सॉसेजं भाजली जात होती, दुधाच्या किटलीसारख्या मोठ्या भांड्यात लिंबूसरबत होतं, आणि ओळीने उभ्या केलेल्या नव्या गाड्यांभोवती माणसं हात न लावता तोंडसुख घेत होती. गळ्यात हात बांधलेला बच सगळ्यांत पुढे. त्याला चालवता येत नव्हतं, त्यामुळे त्याचं मत सगळ्यांत ठाम होतं.

टॅरिनने वर्लिनला गाठलं. "वर्लिन, तुमच्या त्या एका वाक्यापायी माझी दोन गिऱ्हाइकं परत गेली. शिव्या द्यायच्या तर द्या, पण एकदा बसून द्या."

"जा रे," बच म्हणाला. "मेलेल्याला आतून बघून ये. आम्हाला नीट सांग."

हसणाऱ्यांत जोलीन नव्हती. ती कुंपणाशी उभी राहून एकटीच खात होती. वर्लिनने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने हातमोजे चढवले आणि गाडी काढली.

गाडी त्याला आवडली. हे त्याला अजिबात आवडलं नाही. पहिल्याच वळणावर ती अशी वळली की त्याला आपल्या काळ्या गाडीची लाज वाटली, आणि खड्ड्यातून गेली तेव्हा कमरेत नेहमीची कळ आलीच नाही. दूधगाडीने झिजवलेली त्याची कंबर दहा वर्षांत पहिल्यांदा त्याच्यावर खूश होती. काय वाईट सांगायचं, ह्याचा तो विचार करू लागला. दिवा चपटा आहे, हे तो नक्की सांगणार होता.

ठरवून दिलेल्या फेरीत एकच सिग्नल होता, गुरांच्या खाद्याच्या गिरणीपाशी. तो लाल होता. वर्लिनने गाडी न्यूट्रलला टाकली आणि सवयीने डावा हात मांडीवर ठेवला. आरशात मागची पिकअप दिसत होती, एकच आणि स्वच्छ. चालवणाऱ्या बाईच्या चष्म्याची काडीसुद्धा दिसत होती. इंजिन चालू होतं, तरी टाकी, हँडल, आरसा, त्याचा उजवा हात, त्याचे गुडघे, सगळं स्थिर होतं. त्या सगळ्यात एकच गोष्ट हलत होती.

त्याने हात मांडीवर दाबून धरला. हात हलत राहिला. हँडल पकडलं, तेव्हा थांबला. पुन्हा मांडीवर ठेवला, आणि अंगठा बोटावर फिरू लागला. सिग्नल हिरवा झाला. मागची बाई थांबून राहिली; आमच्याकडे कुणी उगाच हॉर्न देत नाही. वर्लिन आपल्या हाताकडे बघत बसला होता. इतके महिने जे त्याने इंजिनाच्या माथी मारलं होतं ते आता त्याच्या एकट्याच्या माथी आलं, आणि तो घाबरला. टँकर बर्फात घसरून पुलाच्या कठड्याला लागला तेव्हाही तो इतका घाबरला नव्हता.

तो निघाला, पण हळू. गिरणीच्या पुढे शेतांमधून सरळ रस्ता लागतो. तिथे त्याने मुद्दाम डावा हात सोडला, रोज ठेवतो तसा मांडीच्या कडेला, आणि मान वळवून पाहिलं. हात खाली होता. तळवा जमिनीकडे होता. आणि तो हलत होता.

मागून जोलीनला दुसरं काय दिसणार होतं? त्याने शिकवलं होतं तेच तिने केलं होतं. विचारत बसली नव्हती.

दुकानापर्यंतच्या उरलेल्या रस्त्यात वर्लिनला एक पळवाट दिसली, आणि ती सोपी होती. परत जायचं, 'मेलीच आहे' म्हणायचं; सगळे हसतील, टॅरिन डोकं हलवेल, आणि काही बदलणार नाही. उद्याचा रविवार नेहमीसारखा उजाडेल. टोळीच्या पुढे तो, आणि मागे दहा-बारा माणसं त्याच्या हाताकडे डोळे लावून, डोंगरावरच्या वळणांवर. दुकानाच्या अंगणात शिरेपर्यंत त्याचं नक्की काही ठरलं नव्हतं, हे खरं आहे. त्याला मोठा माणूस करायचं काही कारण नाही.

सगळे गोळा झाले. आर्लिसही मैत्रिणींना सोडून पुढे आली.

"बोल," बच म्हणाला. "मेली ना?"

वर्लिनने इंजिन बंद केलं नाही. हातमोजा काढला आणि डावा हात गाडीच्या टाकीवर ठेवला.

"जवळ या. टाकीला हात लावून बघा. हलतेय का?"

बचने धडधाकट हात लावला. "नाही."

"आता माझा हात बघा."

हसण्यासाठी उघडलेली दोन-तीन तोंडं तशीच राहिली.

"गाडी चांगली आहे," वर्लिन म्हणाला. "माझ्या गाडीपेक्षा चांगली आहे. मी जे बोलत होतो ते मला सोयीचं होतं म्हणून बोलत होतो." मग त्याने कुंपणाकडे पाहिलं. "जोलीन, त्या उतारावर तुला खूण दिसली होती. मी केली नव्हती, पण तुला दिसली तशीच होती. बच, तुझं हाड माझ्यामुळे मोडलं. तिच्यामुळे नाही."

बचने आपल्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं, मग वर्लिनच्या हाताकडे, आणि ब्राटवुर्स्टची आपली बशी उगाचच त्याच्यापुढे धरली.

जोलीन जवळ आली. तिचा चेहरा लाल झाला होता, आणि तो आनंदाने नव्हे.

"मी डोळे तपासून आले, वर्लिन," ती म्हणाली. "तू म्हणालास म्हणून. डॉक्टर म्हणाला, डोळे उत्तम आहेत. मग मला वाटलं, डोक्यातच काहीतरी बिघडलंय. आज मी इथे गाडी बघायला नाही आले. माझी विकायला आलेय."

'चुकलो' हा शब्द वर्लिनने म्हटला, पण तो इतका लहान वाटला की म्हटल्यावर त्याला आणखी लाज वाटली.

"विकू नकोस," तो म्हणाला. "उद्यापासून पुढे तू. मी आर्लिसबरोबर मोटारीतून मागून येतो."

"मोटारीतून नाही," आर्लिस म्हणाली. "मी सोमवारी डॉक्टरची वेळ घेणार आहे. तिथे मोटारीतून. उद्याचं तुमचं तुम्ही बघा."

"पुढचे रस्ते मला तुझ्याइतके ठाऊक नाहीत," जोलीन म्हणाली. "माझ्यामागे बस. रस्ता तू सांग. खुणा मी करीन."

लोकांनी माना खाली घातल्या. आमच्याकडे पुरुष माणूस बाईच्या मागच्या सीटवर बसत नाही. अगदी गाडी बंद पडली तरी चालत जातो. वर्लिन तर कधी पुरुषाच्याही मागे बसला नव्हता.

रविवारी सकाळी तो बसला. पाय कुठे ठेवायचे हे जोलीनला दाखवावं लागलं, आणि बचच्या पोटात हसू मावेना, पण त्याने ते तिथेच ठेवलं. "हात कुठे धरू?" वर्लिनने विचारलं. "कमरेला धर, आणि घट्ट धर," ती म्हणाली.

रिज चढेपर्यंत तो नीट रस्ता सांगत होता, गिरणीपाशी डावीकडे, चर्चपाशी खडी आहे, जपून. मग बच पडला होता तो सरळ उतार आला. वर्लिनची पकड जरा सैल झाली आणि डावा हात तिच्या बरगडीपाशी थरथरू लागला; तो थांबवता आला असता तर त्याने काय वाटेल ते दिलं असतं. थरथर तिला जाकिटातून लागत असणारच. जोलीनने मान वळवली नाही. तिने आपला एक हात हँडलवरून काढला, त्याचा हात घट्ट दाबून आपल्या कमरेशी ओढून घेतला, आणि उतारभर त्याच वेगाने गाडी नेली.