गुरुवारचा फ्यूज

साऱ्या वर्धा जिल्ह्यात माणसांपेक्षा फ्यूजची जास्त काळजी करणारा एकच माणूस आहे आणि तो नेमका माझ्या सासरचा आहे. माझ्या बायकोचे हे धाकटे काका आर्वीला राहतात. आम्ही त्यांना काकाजी म्हणतो आणि ते मला, लग्नाला वीस वर्षं होऊन गेली तरी, जवाईबापूच म्हणतात. त्यांनी जन्मभर एकच काम केलं: जुन्या अँबेसेडर गाड्यांचे फ्यूज बॉक्स दुरुस्त करणं आणि दुरुस्तीच्या पलीकडे गेलेला बॉक्स काढून स्वतःच्या हातानं नवा करून बसवणं. इंजिनाला ते हात लावत नाहीत. 'थे लोहाराचं काम आहे,' म्हणतात. गाडी धूर ओकत दारात आली तरी ते धुराकडे ढुंकून बघत नाहीत. बॉनेट उघडून थेट त्या काळ्या डबीशी जातात, झाकण काढतात, नाक आत घालतात आणि डोळे मिटून वास घेतात. कुठली तार तापली ते त्यांना वासावरून कळतं. आमच्याकडे जेवायला आले की फोडणी करपल्याचंही सगळ्यांत आधी त्यांनाच कळतं, आणि ती बातमीही ते त्याच गंभीर चेहऱ्यानं देतात.

फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी त्याच्यावर गुंडाळून काम भागवणारे लोक काकाजींच्या लेखी खुनी आहेत. असे चांदी लावलेले फ्यूज त्यांनी एका फळीवर ओळीनं ठोकून ठेवले आहेत आणि प्रत्येकाखाली खडूनं गुन्हेगाराचं आडनाव लिहिलं आहे. त्यात दोन वकील आहेत, एक डॉक्टर आहे आणि कोपऱ्यात, थोड्या लहान अक्षरात, मीही आहे. फ्यूजवर त्यांचं एक ठरलेलं व्याख्यान आहे. 'फ्यूज कमजोरच असाले पायजे, जवाईबापू. तो मरते म्हणून गाडी वाचते. तुमी त्याले मजबूत करून राह्यले, मंग जळन कोण? गाडी.' हे व्याख्यान त्यांनी माझ्या लग्नातही दिलं होतं. मंगलाष्टकं ऐन रंगात असताना लाउडस्पीकर बंद पडला. भटजींचा नुसता जबडा हलताना दिसत होता. लोक मांडवामागे जाऊन पाहतात तो काकाजी लाउडस्पीकरवाल्याच्या बोर्डापाशी उकिडवे बसलेले, हातात त्याचा फ्यूज. 'याच्यात जाड तार टाकली होती ना,' एवढंच ते म्हणाले. आमच्या डोक्यावर अक्षता पडल्या त्या अंदाजानंच.

माणूस असा विनोदी वाटतो, पण त्यांचं घर अलीकडे फार रिकामं झालं आहे. काकूंना जाऊन आठ वर्षं झाली. मूलबाळ नाही. जुन्या गाड्या एकेक करून भंगारात गेल्या आणि गाड्यांबरोबर माणसं येणंही थांबलं. घराला लागून टिनाचं शेड आहे, शेडमध्ये दोन खुर्च्या आहेत, आणि दुसऱ्या खुर्चीवर बसणारा माणूस आठवड्यातून एकदाच यायचा. आष्टीचे एक निवृत्त मुख्याध्यापक, सगळ्यांचे गुरुजी, दर गुरुवारी आपली पांढरी अँबेसेडर घेऊन यायचे. दर गुरुवारी तिचा हॉर्न बंद असायचा. काकाजी वास घ्यायचे, फ्यूज बसवायचे, मग चहा व्हायचा, मग कापसाच्या भावापासून गुरुजींच्या गुडघ्यापर्यंत सगळं बोलून व्हायचं आणि ऊन उतरलं की गुरुजी हॉर्न वाजवत निघायचे. एवढा मोठा कारागीर आणि एका गाडीचा एक हॉर्न त्याला आवरत नाही, याचं मला नवल वाटायचं. फ्यूज बसवून झाल्यावर ते पेचकस घालून त्याला धरणाऱ्या पितळी जबड्याला एक हलकासा हिसका देत. मला वाटायचं, घट्ट करत असतील.

एका गुरुवारी मला आष्टीला काम होतं म्हणून मी गुरुजींच्याच गाडीत बसलो. तळेगावच्या अलीकडे एका वळणावर समोरून ट्रक आला. गुरुजींनी हॉर्न दाबला, हॉर्न गप्प. गाडी रस्ता सोडून नालीत उतरली. दैवानं निभावलं, गुरुजींचं कोपर तेवढं सोललं. मी बॉनेट उघडलं तर फ्यूज चांगला धडधाकट, पण जबड्यातून निसटून खाली पडलेला. तेव्हा कुठे त्या पेचकसाचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला: काकाजी जबडा घट्ट नव्हे, ढिला करत होते.

दुसऱ्या दिवशी आर्वीत उतरून मी काकाजींना जे बोलायचं ते बोललो. जावयानं सासरच्या वडीलधाऱ्याला बोलू नये इतकं बोललो. गुरुजींचा जीव गेला असता, हेही बोललो. ते खाली मान घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, 'ब्रेकच्या दिव्याले मी कधी हात नाई लावला, जवाईबापू. म्हटलं, हॉर्नच तं आहे.' आणि मग म्हणाले, 'पक्कं करून देलं असतं तं ते कायले आले असते?'

पक्का बॉक्स करून द्या, एवढं सांगून मी निघालो. मला तेव्हा माझाच बरोबरपणा मोठा वाटत होता.

काकाजींनी त्या गाडीला नवा बॉक्स केला. जुन्यात दोनच फ्यूज होते, एक गेला की हॉर्नबरोबर आतला दिवाही जायचा. नव्यात त्यांनी आठ बसवले, प्रत्येक कामाला वेगळा. पितळेचे जबडे घासून, ठोकून असे घट्ट केले की फ्यूज काढायला दोन्ही हात लागावेत. झाकणाच्या आतून बारीक अक्षरात कुठला फ्यूज कशाचा ते लिहिलं. एवढं देखणं काम मी त्यांच्याकडून कधी पाहिलं नव्हतं. गुरुजी गाडी घेऊन गेले आणि पुढच्या गुरुवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाहीत.

मी मधूनमधून डोकावत होतो. दुसरी खुर्ची पुसून ठेवलेली असायची. चहा दोघांचा मांडलेला असायचा आणि मी गेलो नसतो तर त्यातला एक कप ओतूनच गेला असता. मी म्हटलं, तुम्हीच जा की आष्टीला. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी एखाद्या फ्यूजला चांदीच लावली होती. 'गाडी चांगली आहे. मी जाऊन काय पाहू?' आमच्याकडे ही मोठी पंचाईत आहे. पाहुण्याला पाणी दिलं की घरचा माणूस विचारतो, काय काम काढलं? त्याला उत्तर नसलं की म्हाताऱ्या माणसाला शरमल्यासारखं होतं.

शेवटी न राहवून मी आष्टीला गेलो. गुरुजी ओसरीत एकटे बसले होते. गाडी लिंबाखाली उभी, पुसून लख्ख केलेली. 'बिघडतच नाई हो,' ते म्हणाले, आणि ती तक्रार होती. 'रोज सकाळी सगळं लावून पाह्यतो. हॉर्न वाजते, दिवे लागते. कोणत्या तोंडानं जाव?' मी म्हटलं, नुसते जा. 'नुसतं कसं जाव? कारागीर माणूस आहे तो. उगाच त्याचा वेळ खाव काय?' मग गुरुजी चहा सांगायला आत गेले. पावसाळा कधीच संपला होता. मी बॉनेट उघडलं, झाकणावरचं अक्षर वाचलं आणि वायपरचा फ्यूज दोन्ही हातांनी ओढून काढून खिशात टाकला.

गुरुवारी मी मुद्दाम आर्वीत होतो. गुरुजींची गाडी हॉर्न वाजवत आली. 'वायपर चालून नाई राह्यला,' गुरुजी उतरता उतरता म्हणाले. बाहेर कडकडीत ऊन होतं. काकाजींनी झाकण उघडलं, रिकाम्या जबड्याकडे पाहिलं, सवयीनं वासही घेतला. मग काही न विचारता नवा फ्यूज बसवला आणि चहाचं आधण ठेवलं. त्या हिवाळ्यात दर गुरुवारी त्या गाडीचं काहीतरी गेलं. माझा हात नंतर लागला नाही. गुरुजी शिकले असावेत.

होळीनंतर गुरुजींचा मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. गाडी कुणीतरी विकत नेली. काकाजी त्याबद्दल एकच वाक्य बोलले, 'बॉक्स तेवढा चांगला केलता,' आणि फळीवरची धूळ झटकत बसले.

माझी गाडी नवी आहे. तिच्यात प्लास्टिकचे रंगीत फ्यूज असतात, काकाजी त्यांना चॉकलेटं म्हणतात. मागच्या गुरुवारी मी वर्ध्याहून निघालो, आर्वीच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली, आतल्या दिव्याचा फ्यूज काढला आणि खिशात ठेवला. काकाजींनी नाकावर दुसरा चष्मा चढवून ती रिकामी जागा शोधली, माझ्याच डिकीतला जादा फ्यूज मागून घेतला आणि अंगठ्यानं दाबून बसवला. दिवा लागला. सवयीनं त्यांनी पेचकस उचलून त्या जागेशी नेला आणि तसाच मागे घेतला.

'याचे जबडे ढिले नाई करता येत, जवाईबापू,' ते म्हणाले. 'पुढच्या गुरवारीबी तुमालेच काढून आणा लागन.'

आणि त्यांनी दुसरी खुर्ची माझ्याकडे सरकवली.