दुसऱ्या ओळीतला श्वास

आई मार्चमध्ये गेली, तिचा दमा मात्र घरात राहिला. बेंगळुरूत, व्हाइटफील्डच्या आमच्या फ्लॅटमध्ये आता मी एकटीच, पण लॅपटॉप मिटला की पलीकडच्या खोलीतून तो श्वास ऐकू यायचा. ओढलेला, अडलेला, मग सुटलेला. फ्रिजचा आवाज असेल म्हणून मी एक दिवस फ्रिजही बंद करून पाहिला. दूध नासलं, श्वास काही थांबला नाही.

खरी भीती श्वासाची नव्हती, दोन श्वासांमधल्या शांततेची होती. दवाखान्यात शेवटी शेवटी ती शांतता लांबत गेली होती. तिचा हात धरून मी पुढच्या श्वासाची वाट पाहत बसले होते आणि तो आलाच नाही. तेव्हापासून कुठेही सगळं एकदम गप्प झालं की मी मनात सेकंद मोजू लागते. ऑफिसच्या कॉलवर कोणी म्यूट झालं तरीसुद्धा.

आमची मराठी मंडळी म्हणजे नगर, पुणे, नागपूरहून नोकरीपायी इथे आलेली मूठभर कुटुंबं. चर्च तमिळ लोकांचं. त्यांची उपासना आटोपली की दुपारी ते आमच्या वाट्याला येतं, आणि आमच्यामागे तेलुगू मंडळी दारात ताटकळत असते. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी आमच्यात एक रिवाज आहे. प्रत्येकाने उभं राहून सरलेल्या वर्षातल्या एका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे. नोकरी टिकली, बाळ झालं, घरमालकाने भाडं वाढवलं नाही, काहीही चालतं. ज्याच्यापाशी आभारच नाहीत त्याने काय करायचं, हे कोणी ठरवलेलं नाही.

आईला पोचवल्यापासून मी तिकडे फिरकले नव्हते. पाळकसाहेबांनी फोन करून करून पिच्छा पुरवला तेव्हा गेले, तेही मनाशी ठरवून. माझी पाळी आली की सांगायचं, यंदा माझ्याकडे आभार नाहीत, आणि चालू पडायचं ते कायमचं. देवाशी भांडायला माणसं कशाला जमवायची, पण माझा स्वभावच तसा आहे.

शेजारी नागपूरची एक मुलगी बसली होती. ती पावसाळ्यानंतर बेंगळुरूला आलेली, तिने आईला कधी पाहिलंही नव्हतं.

आभारांच्या आधी स्तुतीचं गाणं झालं. आमच्याकडे पेटी वाजवणारं कोणी नाही, त्यामुळे इतकी वर्षं आईच सुरुवात करायची आणि बाकीचे तिच्यामागून जायचे. मला ते गाणं नगरच्या शाळेपासून पाठ. पहिली ओळ सगळे मिळून म्हणालो. दुसऱ्या ओळीच्या मधेच, एक शब्द अर्धा झालेला असताना, सगळे एकदम गप्प झाले आणि माझा एकटीचा आवाज पुढे धावला.

मुलीने माझ्या कोपराला हात लावला. "ताई, इथं थांबायचं असते," ती कुजबुजली. "आपल्या मंडळीत असंच म्हणतात."

तिथे थांबायचं नसतंच. आईला तेवढ्यावर दम पुरत नसे, म्हणून ती तिथे श्वास घ्यायची. तेव्हा सगळे तिच्यासाठी खोळंबतात असं मला वाटायचं, पण ही माणसं गाण्याबरोबर तेही शिकली होती.

दुसऱ्या कडव्यात ती जागा पुन्हा आली. सगळे थांबले. ही शांतता मी ओळखत होते. मी समोरच्या बाकाची कड घट्ट धरली. आता पुढे काही येणार नाही, अशी माझी खात्रीच झाली. मग सगळ्यांनी एकदम श्वास घेतला, तिच्यासारखाच, जरासा अडलेला, आणि अर्धा शब्द पुरा केला.

आभार सुरू झाले. दारातल्या तेलुगू मंडळीतलं कोणीतरी कन्नडमधून "स्वल्प बेगा, सर" म्हणून घाई करून गेलं. माझी पाळी आली तेव्हा ठरवलेलं वाक्य तयार होतं. उभी राहिले तर ते अर्धंच निघालं.

"आई गेली, त्याचे आभार मी मानणार नाही," मी म्हणाले. "पण तुम्ही दुसऱ्या ओळीत थांबता, त्याचे मानते."

जुन्यांतली एक बाई डोळे पुसू लागली. मी बाहेर न जाता खाली बसले.

"तिथं काहून थांबतात, ताई?" मुलीने हळूच विचारलं. "मी तर सगळे थांबतात म्हणून थांबते."

"माझ्या आईला तिथे धाप लागायची," मी म्हणाले.